कंपायलरच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे चाचणी-टार्गेट: मेकफाइलच्या आधी काय करावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत लिहिलेला एका लहान भाषेचा कंपायलर आहे. त्यात लेक्सर (मजकुराचे टोकन, म्हणजे सुटे शब्द व चिन्हे, करणारा भाग), पार्सर (टोकनपासून सिंटॅक्स ट्री, म्हणजे प्रोग्रामच्या रचनेचा वृक्ष, बांधणारा भाग), प्रकार-तपासणी, आयआर (मूळ भाषा आणि असेम्ब्ली यांच्या मधले अंतर्गत रूप), काही ऑप्टिमायझेशन आणि शेवटी असेम्ब्ली तयार करणारा भाग असे टप्पे आहेत. मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’ या बिल्ड-साधनाच्या सूचनांच्या फाइलमध्ये, चाचणीचे एकच टार्गेट (नावाने चालवता येणारे काम) आहे. ते नमुना प्रोग्राम कंपाइल करते, चालवते आणि त्यांचे आउटपुट अपेक्षित फाइलशी ताडून पाहते. चाचणी फसली की दोष कोणत्या टप्प्यात आहे हे मात्र कळत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र टार्गेट हवे आहे.

मेकफाइलमध्ये सहा टार्गेट लिहिणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु टार्गेटची नावे वेगळी केल्याने चाचण्या आपोआप वेगळ्या होत नाहीत. एखादी चाचणी खऱ्या अर्थाने एका टप्प्याची तेव्हाच ठरते, जेव्हा त्या टप्प्याचे इनपुट आधीच्या टप्प्यांची मदत न घेता हाताने लिहिता येते आणि त्याचे आउटपुट पुढच्या टप्प्यांची मदत न घेता वाचता येते. ‘ऑप्टिमायझर’ असे नाव दिलेल्या टार्गेटला जर मूळ भाषेतला प्रोग्रामच द्यावा लागत असेल, तर ते लेक्सर, पार्सर आणि प्रकार-तपासणी यांचीही परीक्षा घेत असते आणि त्यांपैकी काहीही मोडले तरी तेच लाल होते. म्हणून पहिले काम कंपायलरमध्येच करावे लागते: प्रत्येक अंतर्गत रूप मजकुरात छापता आले पाहिजे, आणि निदान आयआर तरी मजकुरातून परत वाचताही आला पाहिजे.

एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या चाचण्या इतक्या बारकाईने टप्प्यांनुसार विभागलेल्या आहेत त्याचे मुख्य कारण हेच आहे. त्याचा आयआर मेमरीतील रचना, बिटकोड आणि वाचनीय मजकूर अशा तीन समतुल्य रूपांत राहू शकतो. त्यामुळे एका पासची (आयआरवरून फिरून एक ठरावीक काम करणाऱ्या टप्प्याची) चाचणी म्हणजे वीस ओळींचा आयआर, ‘ऑप्ट’ या साधनाला दिलेले एका पासचे नाव आणि आउटपुटात काय दिसावे याच्या चार ओळी, एवढीच असते. यंत्रसूचनांच्या पातळीवरील त्याच्या अंतर्गत रूपाला मात्र बराच काळ असे मजकूर-रूप नव्हते, आणि तोवर रजिस्टर वाटपासारख्या टप्प्याची चाचणी करायची म्हणजे आयआरपासून असेम्ब्लीपर्यंतचा सगळा रस्ता चालावा लागे. पुढे ‘एमआयआर’ हे मजकूर-रूप आले, अमुक पासनंतर थांबण्याचे आणि अमुक पासच्या आधीपासून सुरू करण्याचे पर्याय मिळाले, आणि त्या टप्प्यांच्या चाचण्याही सुट्या झाल्या. लहान कंपायलरसाठी आयआरचा वाचक लिहिणे हे काहीशे ओळींचे काम आहे. ते टाळण्याचा मोह होतो, पण चाचणीच्या कामात याहून अधिक परतावा देणारी दुसरी गुंतवणूक मला माहीत नाही.

टोकनची यादी आणि सिंटॅक्स ट्री परत वाचता येण्याची तितकी गरज नसते, कारण लेक्सरचे इनपुट मूळ मजकूरच असते आणि पार्सरच्या चाचणीत लेक्सर सोबत आला तरी फारसे बिघडत नाही. छापताना मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे: छापलेल्या मजकुरात मेमरीतील पत्ते, फाइलचा पूर्ण पाथ, वेळ किंवा हॅश टेबलच्या क्रमावर अवलंबून असलेले काहीही येता कामा नये. क्लँग या एलएलव्हीएमवर आधारलेल्या सी कंपायलरच्या ट्री-छपाईत प्रत्येक नोडचा पत्ता येतो, त्यामुळे तिथल्या चाचण्यांना तो भाग रेग्युलर एक्स्प्रेशनने वगळावा लागतो. आपण नव्याने लिहीत असू तर नोडना क्रमांक द्यावेत आणि ही अडचण उद्भवूच देऊ नये. पॉइंटरला चावी मानणाऱ्या हॅश टेबलवरून फिरून काही छापले जात असेल, तर तो दोष फक्त छपाईचा नसतो. तोच क्रम कोडनिर्मितीतही झिरपतो आणि एकाच प्रोग्राममधून दोन वेळा दोन वेगळ्या बायनरी निघतात. म्हणून त्याच इनपुटवर कंपायलर दोनदा चालवून आउटपुट हुबेहूब जुळते का, एवढेच पाहणारे एक छोटे टार्गेट पहिल्या दिवसापासून ठेवावे.

आता कंपायलरची एकच बायनरी ठेवून तिला ‘टोकन छापून थांब’, ‘ट्री छापून थांब’ असे पर्याय द्यावेत, की प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी छोटी बायनरी जोडावी? चाचण्या चालवण्यासाठी मी एकाच बायनरीच्या बाजूने आहे, कारण आपण जे वापरकर्त्याला देतो तेच तपासले जाते. मात्र प्रत्येक टप्प्याची वेगळी स्टॅटिक लायब्ररी करावी, आणि केवळ ती लायब्ररी व तिच्या आधीच्या लायब्रऱ्या घेऊन एक रिकामी बायनरी जोडणारे टार्गेटही ठेवावे. ती बायनरी काही करत नाही. ती जोडली जाते का, एवढीच तिची परीक्षा. लेक्सरची बायनरी सिंबॉल टेबलवाचून (प्रोग्राममधील नावांच्या नोंदीवाचून) लिंक होत नसेल, तर दोन टप्प्यांमधली सीमा कुठेतरी फुटली आहे असे समजावे. कधी ती सीमा भाषेच्या स्वरूपामुळेच फुटते: सी भाषेत टाइपडेफमुळे एखादे नाव प्रकाराचे आहे की चलाचे हे कळल्याशिवाय पार्सरला पुढे जाता येत नाही, आणि म्हणून अनेक सी कंपायलरांत सिंबॉल टेबलची माहिती लेक्सरपर्यंत मागे पोहोचवावी लागते. अशी देवाणघेवाण अपरिहार्य असेल तर ती एका नोंदवलेल्या इंटरफेसमधून व्हावी. लिंकरने ती उघडकीला आणली म्हणजे निदान ती लपून राहत नाही.

मेकफाइलकडे वळू. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक लिहिले तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही: टार्गेट ही एक फाइल असते आणि तिच्या अवलंबनांपैकी एखादी फाइल तिच्यापेक्षा नवी असेल तर ती पुन्हा तयार केली जाते. चाचणीलाही याच साच्यात बसवावे. प्रत्येक चाचणी उत्तीर्ण झाल्याची एक रिकामी खूण-फाइल तयार व्हावी आणि ती चार गोष्टींवर अवलंबून असावी: इनपुट फाइल, अपेक्षित आउटपुटाची फाइल, कंपायलरची बायनरी आणि तुलना करणारी स्क्रिप्ट. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मग स्क्रिप्ट दुरुस्त केली तरी जुने ‘उत्तीर्ण’ तसेच राहते. इनपुटचे नाव आणि खुणेचे नाव यांच्यात एकच पॅटर्न नियम ठेवला की नवीन चाचणी म्हणजे फोल्डरमध्ये दोन फाइली टाकणे एवढेच उरते. ‘चेक-लेक्सर’, ‘चेक-पार्सर’, ‘चेक-सेमा’ (प्रकार-तपासणी), ‘चेक-ऑप्ट’, ‘चेक-कोडजेन’ आणि ‘चेक-रन’ ही टार्गेट आपापल्या फोल्डरातील सगळ्या खुणा मागतात, आणि ‘चेक’ हे टार्गेट या सहांना मागते. ही नावे फाइलींची नसल्यामुळे ती ‘फोनी’ म्हणून जाहीर करणे आवश्यक आहे. तसे केले नाही आणि ‘टेस्ट’ नावाचा फोल्डर त्याच जागी असला, तर ‘मेक टेस्ट’ म्हटल्यावर मेक ते टार्गेट अद्ययावत असल्याचे सांगून स्वस्थ बसते, आणि एकही चाचणी न चालता सगळे ठीक असल्याचा भास होतो.

न चालता उत्तीर्ण होणाऱ्या चाचण्या हा या कामातील सर्वांत गंभीर धोका आहे, म्हणून त्याच्या वाटा एकेक करून बंद कराव्या लागतात. रेसिपीमध्ये आउटपुट थेट टार्गेट-फाइलमध्ये वळवले आणि कंपायलर मध्येच कोसळला, तर अर्धवट फाइल नव्या वेळेसह मागे राहते. पुढच्या वेळी मेकच्या दृष्टीने ते काम झालेले असते. जीएनयू मेकमध्ये ‘डिलीट ऑन एरर’ हे विशेष टार्गेट लिहिले की फसलेल्या रेसिपीची बदललेली टार्गेट-फाइल काढून टाकली जाते. ते लिहावेच, आणि शिवाय आउटपुट तात्पुरत्या फाइलमध्ये घेऊन, तुलना पार पडल्यावरच खूण उमटवावी. दुसरी वाट पाइपची आहे. कंपायलरचे आउटपुट पाइपने थेट डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेला दिले तर शेलला दिसणारा निकाल-क्रमांक (प्रोग्राम संपताना यश-अपयश सांगणारा आकडा) डिफचा असतो. कंपायलरने अपेक्षित मजकूर छापला आणि नंतर मेमरी सोडताना तो कोसळला, तर कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून पाइप टाळावा आणि कंपायलरचा निकाल-क्रमांक वेगळा तपासावा. तिसरी वाट विस्मृतीची: इनपुट फाइल आहे, पण अपेक्षित फाइल कुणी जोडलीच नाही, आणि नियम अपेक्षित फाइलींच्या यादीवरून चालत असल्यामुळे ती चाचणी यादीत आलीच नाही. दोन्ही याद्या ताडून जोडी नसलेली फाइल सापडताच अपयश देणारा नियम लिहावा, आणि प्रत्येक टार्गेटने शेवटी किती चाचण्या पाहिल्या तो आकडा छापावा. तो आकडा शून्य असेल तर ते अपयशच मानावे.

मेकफाइल आपोआप तयार करणारे सीमेक वापरणाऱ्यांसाठी इथेच एक इशारा देतो. सीमेकने तयार केलेले ‘टेस्ट’ टार्गेट चाचण्या चालवण्याआधी कंपायलर पुन्हा बांधत नाही. कोड बदलला, ‘मेक टेस्ट’ चालवले आणि सगळे हिरवे दिसले, तरी ती परीक्षा जुन्या बायनरीची असू शकते. एलएलव्हीएममध्ये ‘चेक-ऑल’, ‘चेक-क्लँग’ अशी स्वतंत्र टार्गेट आहेत आणि ती आपल्याला लागणाऱ्या साधनांवर उघडपणे अवलंबून आहेत. तीच पद्धत उचलावी.

पार्सरचे टार्गेट लेक्सरच्या टार्गेटवर अवलंबून ठेवावे का, असेही विचारले आहे. लेक्सरच मोडला असेल तर पुढचे तपासण्यात अर्थ नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, परंतु मी तसे करणार नाही. लेक्सरच्या एका त्रुटी-संदेशाचा शब्द बदलला म्हणून कोडनिर्मितीवर काम करणाऱ्याची वाट अडू नये. शिवाय आयआर मजकुरातून वाचता येत असेल तर ऑप्टिमायझरची चाचणी लेक्सरकडे जातच नाही, आणि दोन्ही लाल झाल्या तर ती खरोखर दोन वेगळ्या दोषांची बातमी असते. केवळ क्रम ठरवणारी अवलंबने वापरूनही यातून सुटका होत नाही, कारण ती फसली तरी मेक पुढचे टार्गेट बांधत नाही. सगळ्या चाचण्या ‘के’ पर्यायाने चालवाव्यात, म्हणजे एक फसल्यावरही मेक बाकीच्या पूर्ण करते. नंतर निकाल टप्प्यांच्या क्रमाने छापावेत आणि वाचणाऱ्याने पहिल्या लाल टप्प्यापासून सुरुवात करावी.

‘जे’ पर्यायाने समांतर चालवताना प्रत्येक चाचणीला स्वतःचा तात्पुरता फोल्डर द्यावा. दोन चाचण्या एकाच नावाची असेम्ब्ली फाइल लिहू लागल्या तर होणारे अपयश पुन्हा घडवून आणणे फार कठीण जाते.

आता टप्प्यांविषयी. लेक्सरच्या चाचणीत प्रत्येक टोकनचा प्रकार, मजकूर, ओळ आणि स्तंभ छापावा. चुका बहुधा कडेला असतात: शेवटी नवी ओळ नसलेली फाइल, न संपलेली स्ट्रिंग, विंडोजच्या पद्धतीने संपणाऱ्या ओळी, टॅबनंतरचा स्तंभ, आणि यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइट घेणाऱ्या अक्षरांनंतरचा स्तंभ. देवनागरीतील बहुतेक अक्षरचिन्हे यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट घेतात, त्यामुळे देवनागरी शेरा असलेल्या ओळीत शेऱ्यानंतरच्या टोकनचा स्तंभ बाइटने मोजला की कोड पॉइंटने, हे लगेच उघड होते. एक मुद्दा मात्र टप्प्यांच्या सीमेबद्दल बरेच शिकवतो. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची सर्वांत लहान किंमत उणे २१४७४८३६४८ आहे. परंतु उणे हे वेगळे टोकन असल्यामुळे लेक्सरला फक्त २१४७४८३६४८ दिसते, आणि ती संख्या धन पूर्णांकाच्या मर्यादेपेक्षा १ ने मोठी आहे. लेक्सरने तिथेच त्रुटी दिली तर ती किंमत प्रोग्रामात कधीच लिहिता येणार नाही. जावा भाषेच्या नियमांत म्हणूनच हा आकडा फक्त एकपदी उण्याच्या पाठोपाठ चालतो असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मर्यादेची तपासणी पुढच्या टप्प्याची जबाबदारी आहे, आणि त्याची चाचणीही दोन ठिकाणी हवी: लेक्सरने संख्या निमूटपणे पुढे दिली का, आणि नंतरच्या टप्प्याने उण्याशिवाय आलेली ती संख्या नाकारली का.

पार्सरसाठी ट्री पूर्ण कंसांत छापावी, म्हणजे ऑपरेटरांचा अग्रक्रम आणि डावी-उजवी बांधणी नजरेने दिसते. त्याच्या जोडीला एक स्वस्त पण प्रभावी चाचणी ठेवावी: ट्रीपासून पुन्हा मूळ भाषेतला मजकूर छापावा, तो परत पार्स करावा आणि दोन्ही ट्री सारख्या आहेत का ते पाहावे. यासाठी अपेक्षित फाइल लागतच नाही, त्यामुळे संग्रहातील प्रत्येक वैध प्रोग्रामवर ती चालवता येते.

प्रकार-तपासणीच्या टप्प्यात चुकीच्या प्रोग्रामांच्या चाचण्या वैध प्रोग्रामांपेक्षा जास्त असाव्यात. अपेक्षित त्रुटी वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता ज्या ओळीवर ती यायला हवी त्याच ओळीवर शेऱ्यात लिहिण्याची पद्धत क्लँग, जीसीसी आणि गो या तिघांनीही आपापल्या परीने स्वीकारली आहे, आणि तीच मला सर्वांत निकोप वाटते. ओळी पुढेमागे सरकल्या तरी चाचणी मोडत नाही, वाचणाऱ्याला चूक आणि तिची अपेक्षा एकत्र दिसतात, आणि तुलना दोन्ही दिशांनी होते: अपेक्षित त्रुटी आली नाही तरी अपयश, अनपेक्षित आली तरी अपयश. दुसरी दिशा विशेष महत्त्वाची आहे, कारण एका चुकीतून दहा भलत्या त्रुटी निघणे हा पार्सर आणि प्रकार-तपासणी यांचा नेहमीचा दोष आहे आणि तो वापरकर्त्याला सर्वाधिक त्रास देतो. संदेशाचा पूर्ण मजकूर जुळवण्याऐवजी त्रुटीला स्थिर क्रमांक द्यावा. रस्ट कंपायलर प्रकार न जुळल्यास ‘ई०३०८’ देतो, तसा. मजकूर सुधारण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे टिकते.

चुकीच्या प्रोग्रामांच्या चाचणीत ‘कंपायलरचा निकाल-क्रमांक शून्य नाही’ एवढेच पाहिले तर कंपायलर कोसळला तरी चाचणी उत्तीर्ण होते. शेलमध्ये सिग्नलने मेलेल्या प्रक्रियेचा क्रमांक १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा येतो: लिनक्सवर असर्शन फसून अबॉर्ट झाल्यास १३४, चुकीच्या मेमरीला हात लावल्यास १३९. म्हणून चुकीच्या प्रोग्रामासाठी नेमका १ हा क्रमांक ठरवावा आणि तोच अपेक्षावा. एलएलव्हीएममध्ये याचसाठी ‘नॉट’ नावाचे छोटे साधन आहे. आतली आज्ञा साध्या अपयशाने संपली तर ते यश देते, पण ती कोसळली तर अपयश देते. कंपायलर अनंत लूपमध्ये अडकू नये म्हणून प्रत्येक आज्ञेला वेळेची मर्यादाही घालावी. जीएनयूच्या ‘टाइमआउट’ने थांबवलेल्या आज्ञेचा क्रमांक १२४ येतो, त्यामुळे तोही प्रकार निकालात वेगळा दाखवता येतो.

ऑप्टिमायझरवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण इथला दोष आवाज करत नाही; प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. चाचण्या लिहिण्याआधी आयआरचा पडताळक लिहावा. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी नेमकी एकच समाप्ती-सूचना आहे का, प्रत्येक किमतीची व्याख्या तिच्या वापरावर वर्चस्व राखते का (वापराकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर ती आधी येते का), फाय-नोडमधील (कोणत्या ब्लॉकमधून आलो त्यानुसार किंमत निवडणाऱ्या सूचनेतील) नोंदी त्या ब्लॉकच्या पूर्ववर्तींशी जुळतात का, आणि प्रकार जुळतात का, एवढे त्याने पाहावे. चाचण्यांत हा पडताळक प्रत्येक पासनंतर चालवावा. ‘ऑप्ट’मध्ये यासाठी ‘व्हेरिफाय-ईच’ असा पर्यायच आहे. मग मोडलेला आयआर तीन पास पुढे जाऊन कुठेतरी भलतीकडे फुटण्याऐवजी तो ज्या पासने मोडला तिथेच पकडला जातो.

पासच्या चाचण्यांत बदल व्हायला हवा तिथे तो होतो का, हे सगळेच पाहतात. बदल होऊ नये तिथे तो होत नाही ना, हे पाहणाऱ्या चाचण्या निदान तितक्याच असाव्यात. पूर्णांकासाठी कोणत्याही किमतीचा शून्याशी गुणाकार शून्य असतो; दशांश संख्यांसाठी ती किंमत अनंत किंवा ‘नॅन’ (संख्या नसलेली विशेष किंमत) असेल तर उत्तर ‘नॅन’ येते, आणि किंमत ऋण असेल तर उणे शून्य येते. शून्य मिळवल्याने काही बदलत नाही हेही दशांश संख्यांत खरे नाही, कारण उणे शून्यात अधिक शून्य मिळवले की अधिक शून्य होते. स्थिरांकांची आकडेमोड करणाऱ्या पासला सर्वांत लहान पूर्णांक भागिले उणे १ हे उदाहरण अवश्य द्यावे. एक्स८६ प्रोसेसरवर हा भागाकार सापळ्यात पडतो, आणि कंपायलरने तो स्वतःच करून पाहिला तर प्रोग्राम नव्हे, कंपायलर मरतो; त्याचा क्रमांक १३६ येतो.

या टप्प्यात संपूर्ण आउटपुटाची हुबेहूब तुलना करावी की ठरावीक ओळी शोधाव्यात? लेक्सर आणि पार्सरसाठी हुबेहूब तुलनाच योग्य. ऑप्टिमायझर आणि कोडनिर्मितीसाठी मात्र एलएलव्हीएमच्या ‘फाइलचेक’सारखी पद्धत बरी, ज्यात इनपुट फाइलमध्येच शेऱ्यांच्या रूपाने कोणत्या ओळी कोणत्या क्रमाने दिसाव्यात ते लिहिलेले असते. अन्यथा रजिस्टर वाटपात एक सुधारणा केली की असेम्ब्लीच्या शंभर अपेक्षित फाइली एकदम बदलतात आणि त्या बदलाचे कोणीही लक्षपूर्वक वाचन करत नाही. ‘अमुक ओळ दिसू नये’ अशा नकारात्मक अपेक्षेबाबत सावध राहावे: सूचनेचे नाव उद्या बदलले तर ती अपेक्षा कायमची खरी ठरते आणि काहीच तपासत नाही. प्रत्येक नकारात्मक अपेक्षेजवळ, त्याच सूचनेला त्याच नावाने शोधणारी एक सकारात्मक अपेक्षा दुसऱ्या फंक्शनमध्ये ठेवावी.

कोडनिर्मितीच्या चाचण्या यंत्राच्या नियमांच्या काठावर बेताव्यात. एएमडी६४ प्रोसेसरसाठीच्या सिस्टिम-व्ही या कॉल-संकेतांनुसार पहिले ६ पूर्णांक आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातात आणि सातवे स्टॅकवरून. तेव्हा ६, ७ आणि ८ आर्ग्युमेंटची फंक्शने हवीत, कारण सम आणि विषम संख्येत स्टॅकचा पत्ता १६ बाइटच्या पटीत राहील हे वेगवेगळ्या प्रकारे सांभाळावे लागते. रिस्क-व्ही प्रोसेसरवर बेरजेच्या सूचनेत बसणारा स्थिरांक उणे २०४८ ते २०४७ या मर्यादेत असतो; तिथे २०४७ आणि २०४८ या दोन्ही चाचण्या हव्यात. कॉल करणारी आणि केली जाणारी अशी दोन्ही बाजूंची फंक्शने आपल्याच कंपायलरने बनवली तर दोघांची चूक एकमेकांना झाकते, म्हणून एक बाजू प्रस्थापित सी कंपायलरने बनवून दुसरीशी जोडावी.

‘चेक-रन’ हे टार्गेट, म्हणजे आज जे एकमेव टार्गेट आहे, ते काढून टाकू नये. टप्प्यांमधील करार दोघांनी वेगवेगळा समजून घेतल्याचे फक्त तेच दाखवते. त्यात उत्तर प्रोग्रामच्या निकाल-क्रमांकातून परत आणण्याची सवय असेल तर ती सोडावी. युनिक्समध्ये शेलला त्यातले ८ बिटच मिळतात, त्यामुळे २५६ हे चुकीचे उत्तर शून्य म्हणून दिसते. उत्तर छापावे आणि छापलेलेच ताडावे. प्रत्येक प्रोग्राम ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि चालू ठेवून असा दोनदा चालवावा. दोन्हींसाठी अपेक्षित फाइल एकच असते, त्यामुळे ही जवळजवळ फुकट मिळणारी चाचणी आहे.

अपेक्षित फाइली नव्याने लिहिणारे टार्गेट लागतेच: रस्टमध्ये त्यासाठी ‘ब्लेस’, ओकॅमलमध्ये ‘प्रमोट’ आणि हास्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये ‘ॲक्सेप्ट’ आहे. ते चाचणीच्या टार्गेटपासून पूर्णपणे वेगळे असावे, एका वेळी एकाच टप्प्याच्या फाइली बदलणारे असावे, आणि सामायिक बिल्ड सर्व्हरवर ते कधीही चालू नये. बदललेल्या अपेक्षित फाइलीचा डिफ हा कोडच्या डिफइतकाच काळजीपूर्वक वाचायचा असतो. ऑप्टिमायझरमधील बदलाने पार्सरच्या अपेक्षित फाइली बदलल्या असतील, तर आधी त्याचे कारण शोधावे आणि मगच त्या स्वीकाराव्यात.

कंपायलर पुढे स्वतःच्याच भाषेत लिहिला गेला तर आणखी एक टार्गेट मिळते. जीसीसीच्या बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे कंपायलरने स्वतःलाच बनवण्याच्या प्रक्रियेत, पहिला टप्पा यंत्रावर आधीपासून असलेल्या कंपायलरने बनतो, दुसरा पहिल्याने आणि तिसरा दुसऱ्याने. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांच्या ऑब्जेक्ट फाइली ताडल्या जातात. पहिला आणि दुसरा वेगळे असणे स्वाभाविक आहे, कारण त्यांना बनवणारे कंपायलर वेगळे होते. दुसरा आणि तिसरा मात्र एकाच स्रोतापासून, सारखेच वागायला हवे अशा कंपायलरांनी बनवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातील फरक म्हणजे चुकीचा कोड किंवा अनिश्चित क्रम. ही तुलना जुळली म्हणून कंपायलर बरोबर ठरत नाही. तो सातत्याने चुकत असेल तर दोन्ही टप्पे सारखेच चुकतील. म्हणून हे टार्गेट बाकीच्यांची जागा घेऊ शकत नाही.

यादृच्छिक प्रोग्राम तयार करून तपासणारे टार्गेट ‘चेक’च्या बाहेर ठेवावे, कारण त्याचा निकाल दर वेळी वेगळा येतो आणि ते किती वेळ चालवावे याला अंत नाही. त्याचे सामर्थ्य मात्र निर्विवाद आहे: ‘सीस्मिथ’ या साधनाविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात, त्याच्या मदतीने सी कंपायलरांमधील आधी माहीत नसलेले ३२५ हून अधिक दोष सापडल्याची नोंद आहे, आणि त्यांत जीसीसी व एलएलव्हीएम दोन्ही होते. आपल्या भाषेसाठी असा जनक लिहिताना प्रत्येक धावेचे बीज (तोच यादृच्छिक प्रोग्राम पुन्हा मिळवून देणारा आकडा) निकालात नोंदवावे, ऑप्टिमायझेशन चालू आणि बंद अशा दोन्ही आउटपुटांची तुलना करावी, आणि फसलेला प्रोग्राम आपोआप लहान करणारी स्क्रिप्ट जोडावी. त्यानंतर ऑप्टिमायझरला ‘पहिले अमुक इतकेच पास चालव’ असा मर्यादेचा पर्याय द्यावा. एलएलव्हीएममध्ये तो ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ या नावाने आहे. ती मर्यादा निम्म्या-निम्म्याने कमी करत गेले की उत्तर नेमके कोणत्या पासने बिघडवले ते सापडते. त्या पासच्या अगदी आधीचा आयआर मजकुरात छापून, हाताने आणखी छाटून, ‘चेक-ऑप्ट’च्या फोल्डरात नवी चाचणी म्हणून ठेवावा आणि मूळ लहान प्रोग्राम ‘चेक-रन’मध्ये टाकावा.

आजच्या स्थितीतून इथपर्यंत येताना सगळे एकदम करू नये. आधी निकाल-क्रमांकांची तपासणी, वेळेची मर्यादा आणि ‘डिलीट ऑन एरर’ हे सध्याच्याच टार्गेटमध्ये घालावे. त्याला एक दिवस पुरतो आणि त्यातूनच काही लपलेली अपयशे वर येण्याची शक्यता असते. नंतर आयआरची छपाई, पडताळक आणि वाचक या क्रमाने लिहावेत आणि ‘चेक-ऑप्ट’ सुरू करावे. लेक्सर आणि पार्सरची टार्गेट लिहायला सोपी आहेत म्हणून ती आधी घेण्याची इच्छा होईल, परंतु तिथले दोष बहुधा लगेच दिसतात. ती शेवटी आली तरी चालतील.